खालची पांढरी गाडी

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी एकदा एक लेख लिहिला होता. जपानमध्ये स्वतःची गाडी न ठेवता राहण्याचे फायदे, असा त्याचा विषय. अंक म्हणजे घरच्या प्रिंटरवर छापून पिना मारलेली चाळीस पानं, पण टोकियोतल्या फुनाबोरी आणि निशी-कसाईच्या मराठी घरांतून तो वाचला जातो. अंक निघाल्यावर एक ओळखीचे गृहस्थ स्टेशनजवळच्या सायकल-तळावर भेटले आणि म्हणाले, तुमचा लेख वाचून आम्ही गाडी घ्यायचा विचार सोडून दिला. मी सायकलला कुलूप लावायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिलो. त्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, माझ्या वडिलांच्या मोबाइलमध्ये, एका पांढऱ्या गाडीला टेकून उभा असलेला माझा फोटो होता आणि ती गाडी माझी आहे असं ते भेटेल त्याला सांगत होते.

लेखातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आम्ही २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी जपानला आलो. बरेच लोक तेव्हा घाबरून परत गेले होते, त्यातल्याच एकाच्या रिकाम्या जागेवर मला कंपनीनं पाठवलं. आल्या आल्या मला कळलं की इथे गाडी लागतच नाही. मेट्रो वेळेवर येते. ऑफिसला जाता-येता मी उभ्यानं पुस्तकं वाचतो आणि कॉलेजात जेवढी वाचली नसतील तेवढी इथे वाचून झाली. गाडी घ्यायची तर ती उभी करायला हक्काची जागा आहे असा दाखला आधी पोलिसांकडून आणावा लागतो, मग दर दोन वर्षांनी तपासणी. ती कटकट माझ्या डोक्याला नाही. मुलीला सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवून पाळणाघरात नेताना ती माझ्या पाठीशी सगळ्या जगाच्या गोष्टी सांगते, निम्म्या जपानीत. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं, मनापासून. फक्त हे अण्णांना सांगायची माझी छाती नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आमच्या तालुक्याच्या गावात एका डॉक्टरांच्या गाडीवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी तीन गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला नाही. रोज सकाळी सहाला अण्णा डॉक्टरांच्या अंगणात जायचे, बादलीभर पाणी घ्यायचे आणि गाडी पुसायचे. आधी काचा, मग टप, मग दारं, शेवटी चाकं. शाळेत जाताना मला ते त्या अंगणात ओणवे झालेले दिसायचे. वर्गातली मुलं बरोबर असली की मी दुसऱ्या बाजूला बघायचो. पुढे त्याच डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली मला बारावीच्या अभ्यासाला दिली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या पदवीत त्या खोलीचा आणि त्या बादलीचा वाटा आहे, हे मी कधी विसरलो नाही. दुसऱ्या बाजूला बघायचो, हेही विसरलो नाही.

दसऱ्याला डॉक्टरांच्या गाडीची पूजा अण्णाच करायचे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं, नारळ. डॉक्टर बायकोला घेऊन बाहेर येत, हात जोडत आणि आत जात. त्या गाडीत अण्णा आयुष्यभर स्टेअरिंगसमोर बसले. मागच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा आई गेली होती. अण्णा एवढंच म्हणाले होते, "तुझी गाडी झाली की एकदा मागं बसून बघीन म्हणतो."

फोटोचं असं झालं. पहिल्या वसंतात आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या गाडीजवळ साकुराचं, म्हणजे चेरीचं झाड फुललं होतं. बायकोनं माझा फोटो काढला. फोटोत झाड अर्धंच आलं, गाडी पूर्ण आली. मी तो काही न लिहिता अण्णांना पाठवला. मिनिटाभरात त्यांचा फोन. गाडी घेतलीस आणि बोलला पण नाहीस, म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. मी नाही म्हणालो नाही. फक्त हसलो. पुढची कित्येक वर्षं मी त्या हसण्याला धरून राहिलो, की मी तोंडानं खोटं बोललेलो नाही.

तेही फार दिवस टिकलं नाही, कारण अण्णा ड्रायव्हर होते. त्यांचे प्रश्न ड्रायव्हरचे होते. ॲव्हरेज किती देते, गिअर आहेत की ऑटोमॅटिक, स्पीडोमीटर कुठे आहे. एका रविवारी त्यांना उत्तर देण्यासाठी मी खाली जाऊन शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. बायकोनं ते बाल्कनीतून बघितलं. वर आल्यावर ती म्हणाली, "अहो, चोर समजून धरतील तुम्हाला. सांगून टाका ना त्यांना." मी म्हणालो, सांगतो. मुलगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली, तरी मी सांगितलं नव्हतं.

मग अण्णाच आले. पासपोर्ट काढून, एकटे, तीन महिन्यांसाठी, नातीला बघायला. मी विमानतळावर बसनं न्यायला गेलो. गाडी का नाही आणलीस, असं ते विचारणार हे माहीत असल्यामुळे उत्तर तयार करून ठेवलं होतं. आंतरराष्ट्रीय लायसन्सची मुदत संपली, जपानी लायसन्सची परीक्षा अवघड आहे, ती व्हायची आहे. अण्णांनी लगेच मान हलवली. "लायसन नसताना हात लावायचा नाही. बरोबर केलंस." मी नियम पाळतो याचा त्यांना अभिमान वाटला. त्या क्षणी खरं तर बसमधून उतरून जावंसं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो आणि पार्किंगशी थबकलो. अण्णा गाडी पुसत होते. आमच्या स्वयंपाकघरातली लाल बादली, त्यांचा स्वतःचा पंचा. आधी काचा, मग टप, मग दारं. मला बघून म्हणाले, गाडी नुसती उभी राहिली की मरते रे, निदान पुसून तरी ठेवू. मी काय करायला हवं होतं ते इथे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, पाऊस येईल, लवकर वर जा. आणि स्टेशनकडे चालू लागलो.

असं रोज चाललं. ज्या एका कामातून त्यांना सोडवावं म्हणून मी शिकलो, तेच काम ते माझ्या दारात, तिसऱ्याच माणसाच्या गाडीवर करत होते आणि मी शेजारून जात होतो. मेट्रोत पुस्तक उघडलं तरी ओळ पुढे सरकायची नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन." मी तिच्याकडे दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. सणाच्या आधी त्यांचं मन मोडायला नको, असं कारण दिलं. तिनं ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्या वर्षी दसरा सुट्टीच्या दिवशी आला. आदल्या दिवशी अण्णांनी निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून नारळ आणि लिंबं आणायला सांगितली. मी आणली. घरी लॅपटॉपची आणि पुस्तकांची पूजा करायची, तिच्यासाठी असतील असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी उठलो तर अण्णांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं आणि देवापुढचं कुंकू जागेवर नव्हतं.

मी बाल्कनीत गेलो. खाली अण्णा टोपी घालून, हात जोडून उभे होते. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर मोठं लाल स्वस्तिक होतं. चाकांखाली लिंबं होती. फुटलेल्या नारळाचं पाणी डांबरावर ओघळलं होतं. आणि अण्णांच्या शेजारी आमचे पहिल्या मजल्यावरचे शेजारी, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, हातात प्रवासाची पिशवी घेऊन उभे होते. अण्णा त्यांना मराठीत काहीतरी सांगत होते, माझ्या बाल्कनीकडे बोट दाखवून. शेजारी प्रत्येक वाक्याला मान लववून हाय, हाय, म्हणजे हो, हो म्हणत होते. मी वाळत घातलेल्या चादरीमागे सरकलो. परत जाऊन झोपेचं सोंग घेता येईल का, हा विचार माझ्या मनात पूर्ण येऊन गेला. मग चपला घातल्या आणि खाली गेलो.

मी शेवटच्या पायरीवर असताना शेजाऱ्यांनी खिशातून किल्ली काढून दाबली. गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले.

ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीची किल्ली सांभाळली, त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. अण्णांनी त्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्यावरचा पंचा काढला आणि बॉनेटवर वाकले.

"त्यांना विचार," ते खाली बघतच मला म्हणाले, "पुसू का म्हणावं."

शेजारी हात पुढे करून त्यांना थांबवत होते. आता मला दोघांच्या मध्ये उभं राहून बोलणं भाग होतं. मी जपानीत सांगितलं, हे माझे वडील आहेत, ही आमच्याकडची गाडीची पूजा आहे, ही गाडी माझी आहे असं त्यांना वाटत होतं. असं का वाटत होतं, असं शेजाऱ्यांनी विचारलं. मला त्या भाषेत गोलगोल बोलता येत नाही. मी म्हणालो, मी त्यांना तसं वाटू दिलं म्हणून.

शेजाऱ्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, रोज सकाळी गाडी स्वच्छ असायची, मला वाटलं इमारतीचा रखवालदार पुसतो, मी त्याचे आभारसुद्धा मानून आलो. आणि ते अण्णांपुढे कमरेतून वाकले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्वस्तिकाकडे बोट करून म्हणाले, ही देवळाची खूण आहे ना, आमच्या नकाशात असते, फक्त उलटी. त्यांची बहीण सेंदाईजवळ राहते. भूकंपात तिचं घर गेलं, तेव्हापासून ते महिन्यातून एकदा तिच्याकडे सामान घेऊन जातात आणि आजही तिकडेच निघाले होते. खूण राहू दे, म्हणाले. एवढ्या लांब जायचं आहे.

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी पंचा परत खांद्यावर टाकला आणि नारळाचा अर्धा भाग दोन्ही हातांनी शेजाऱ्यांना दिला. शेजाऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याचं काय करायचं ते न कळून पिशवीवर ठेवला. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि अण्णांना म्हणाले, दोझो. बसा, या चौकात एक फेरी मारू.

याचा अर्थ अण्णांना सांगावा लागला नाही. त्यांनी हात जोडले.

"नको," ते मला म्हणाले. "त्यांना सांग, दुसऱ्याच्या गाडीत मी मागं बसत नाही."

हे मी जपानीत सांगू शकलो नाही. वडिलांना वर काम आहे, असं म्हणालो. त्या दिवशीची ती माझी शेवटची थाप.

नंतर अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दसऱ्याचं जेवण जेवले, सूनबाईच्या पुरणाचं कौतुक केलं, नातीबरोबर खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल बादली जागेवरच होती. सहा वाजता ते खिडकीशी नुसते बसून होते, हात मांडीवर ठेवून. त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं.

त्या आठवड्यात बायकोनं त्यांना मंडळाचा तो दिवाळी अंक वाचायला दिला. मला विचारलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ते चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून माझा लेख वाचत होते. अण्णा सातवी शिकलेले, पण मराठीत छापलेलं काहीही ते शेवटपर्यंत वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी पानं सरळ केली.

"हे चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "फोटोऐवजी हे पाठवायचं होतंस."

मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. चार दिवस."

मग म्हणाले, यात लिहिलंयस ते मला दाखव. मी रजा काढली. आम्ही अराकावा नदीच्या बांधावरून सायकली चालवल्या, अण्णा बायकोच्या टोपलीवाल्या सायकलवर, धोतराचा सोगा कमरेला खोचून. मेट्रोनं गेलो, पायी फिरलो. पण त्यांना आवडली ती बस. चालकाचे पांढरे हातमोजे, इस्त्रीचा गणवेश, वळणाआधी माइकवर सांगणं की बस वळत आहे, धरून बसा. चढणाऱ्या प्रत्येकाला तो धन्यवाद म्हणायचा. उतरताना काही म्हाताऱ्या बायका मधल्या दारातून वळून त्याच्याकडे बघून वाकायच्या. अण्णा हे सगळं पुढच्या सीटवरून पाहत होते. घरी येताना म्हणाले, "याला कुणी 'ए ड्रायव्हर' म्हणत नसेल." मी एवढी वर्षं त्या बसनं गेलो होतो, लेखात बसच्या वेळापत्रकाचं कौतुकही केलं होतं, पण तिच्या चालकाबद्दल एक वाक्य लिहिलं नव्हतं. गाडी नसल्याचा तो फायदा मला सुचलाच नव्हता. परत जाईपर्यंत अण्णा रोज एकदा बसनं जाऊन यायचे, काही काम नसताना, आणि उतरताना चालकाला मोठ्यानं अरिगातो, धन्यवाद म्हणायचे.

ते गावी परतल्यावर मला वाटलं, आता ते सगळ्यांना खरं सांगतील आणि मी सुटेन. एका रविवारी फोनवर बोलत असताना मागून डॉक्टरांचा आवाज आला. अण्णा अजूनही सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसतात. डॉक्टरांनी विचारलं, काय रे, पोराच्या गाडीत बसलास की नाही? आणि मी अण्णांना म्हणताना ऐकलं, "बसलो की. मागं बसलो."

डॉक्टरांपाशी अण्णा तीस वर्षांत खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. एकदा गाडीला ओरखडा गेला तो दुसऱ्या मोटारीनं मारला असं सांगता आलं असतं, तरी माझ्याच हातून झाला म्हणून सांगितलं होतं त्यांनी. आता माझ्यासाठी त्यांना खोटं बोलावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी फोन करून म्हणालो, अण्णा, डॉक्टरांना खरं सांगून टाका. ते म्हणाले, "मी कशाला? तू ये आणि सांग."

पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो. पहिल्याच सकाळी मी अण्णांबरोबर डॉक्टरांच्या अंगणात गेलो. आता गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे, पण तो अजून यायचा होता आणि अण्णांनी सवयीनं फडकं उचललं. डॉक्टर झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा मागवला, मुलीची चौकशी केली. चहा यायच्या आत बोलून टाकावं म्हणून मी सांगितलं. की माझ्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती, मी सायकलनं स्टेशनला जातो. फोटोतली गाडी शेजाऱ्यांची होती आणि अण्णांनी चार वर्षं जे सांगितलं ते माझ्यामुळे.

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. त्यांना हसू आलं, रागाचं नव्हतं. जपानला जाऊन सायकलच का, म्हणाले. मग त्यांची नजर गाडीच्या काचा पुसणाऱ्या अण्णांकडे गेली.

"आणि हा तर मला म्हणाला, मागं बसलो म्हणून."

एवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विमानात बसून मी वाक्यं पाठ करत आलो होतो, ती सगळी माझ्याबद्दलची. माझं खरं सांगून झालं की अण्णांचं खोटं उघडं पडतं, हा साधा हिशेब मी केला नव्हता. फडकं काचेवर फिरायचं थांबलं होतं. अण्णा पाठमोरे होते.

हो, बसले, असं म्हणणं सोपं होतं. तसली एक थाप पुन्हा मारण्याइतका मी अजूनही तयार होतो, हे लिहिताना मला लाज वाटते.

"शेजाऱ्यांनी मागचं दार उघडून धरलं होतं त्यांच्यासाठी," मी म्हणालो. "स्वतः. आणि कमरेतून वाकले होते."

डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. चहा आला. तीन कप होते. डॉक्टरांनी अण्णांना हाक मारली, ये, गार होईल. अण्णा म्हणाले, एवढी चाकं राहिलीत.

मी उठलो, बादलीतलं दुसरं फडकं पिळलं आणि पलीकडच्या चाकाशी बसलो. शाळेला सुट्टी होती, पण रस्त्यावरून सायकलींवर मुलं चालली होती. त्यांतल्या काहींनी वळून पाहिलं. अण्णा गाडीच्या त्या बाजूनं म्हणाले, "आधी कोरडं फिरव. चिखल निघू दे."